डावीकडच्या विटा

लग्नाआधी प्रफुल्लकडे राखाडी रंगाचा एक ब्रिक गेम होता. मेघनाला भेटायला तो ठाण्याच्या तलावपाळीवर यायचा, तेव्हा दोघं आळीपाळीनं खेळायचे आणि मेघना दर वेळी हरायची. हे त्यांच्या मुलीनं, संचितानं, इतक्यांदा ऐकलेलं की यंदा बाबांच्या वाढदिवसाला तिनं पुण्याहून तसलाच हातात मावणारा गेम पाठवला. आत शेकडो जुने खेळ भरलेले. प्रफुल्ल पोरासारखा खूश झाला.

तो डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीची स्टाफ बस चालवायचा. खोपटला घराजवळच बस उभी असायची. सकाळी ठाण्यातली माणसं घेऊन कंपनीत सोडायची, संध्याकाळी परत आणायची. घरी आला की चहा, आणि मग विटांचा खेळ. एक आउट झाला की दुसऱ्याची पाळी.

गणपतीनंतर मेघना जिंकायला लागली.

"म्हातारा झालो गं," तो म्हणायचा.

"म्हातारे नाही हो, मी तयार झाले," ती म्हणायची. शेजारणींनासुद्धा तिनं कौतुकानं सांगितलं.

एका संध्याकाळी मेथी निवडत ती त्याच्या शेजारी बसली आणि पहिल्यांदाच त्याचा खेळ नीट बघितला. वरून विटा पडत होत्या. उजवीकडे तो त्या झटपट बसवत होता. डावीकडे नुसती मोकळी जागा.

"अहो, डावीकडे टाका ना. केवढी जागा आहे."

"कुठे?"

तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. त्यानं मान वळवली. "हां, ही होय. आत्ता दिसली."

स्क्रीनच बिघडलाय, असं तिला वाटलं. तिनं स्वतः खेळून बघितलं. स्क्रीन ठीक होता. मग तिनं त्याला गाड्यांचा खेळ लावून दिला. समोरून गाड्या येतात, त्यांना चुकवायचं, एवढंच. उजवीकडची गाडी त्यानं चुकवली, मधली चुकवली, डावीकडची येऊन धडकली. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"कुठून येते ही?" तो वैतागला. "काही दिसत नाही, एकदम अंगावर. गेम गंडलाय."

मेघनाचे हात मेथीत तसेच राहिले.

जेवताना ती त्याच्या ताटाकडेच बघत होती. त्यानं भाजी संपवली, आमटी संपवली. डावीकडची कोशिंबीर तशीच होती.

"आज चटणी नाही केलीस?" त्यानं विचारलं.

तिनं त्याचं ताट हळूच फिरवलं.

"अरेच्चा! लपवून ठेवलेलीस काय?" तो हसला. तिला हसता आलं नाही.

"उद्या ड्यूटीवर जाऊ नका. आधी डॉक्टरकडे जाऊ."

"वेड लागलंय का? आत्ता पावसाळ्यात कंपनीनं डोळे तपासले. शेवटची बारीक ओळ वाचली मी. गेममध्ये हरलो म्हणून खाडा करू?"

"अहो, बसचं दार डावीकडे असतं. माणसं डावीकडे उभी असतात."

त्यानं ताट सरकवलं. "संचिता जन्मली नव्हती तेव्हापासून गाडी चालवतोय मी. मला शिकवू नकोस."

सकाळी तो गेला. तिनं फोन हातात घेतला, कंपनीच्या ट्रान्सपोर्टवाल्या मितेशचा नंबर काढला आणि पुन्हा ठेवून दिला. फोन केला तर नवऱ्याची नोकरी जाणार होती, आणि आपलंच काही चुकत असेल तर? तिनं रिक्षा पकडली आणि बसच्या आधी कळवा नाका गाठला. तिथं स्टाफची तीन-चार माणसं उभी असायची. त्यांच्या पुढं, फूटपाथच्या अगदी कडेला ती उभी राहिली. अंगात भडक केशरी ड्रेस. बस दिसली तसा तिनं हात वर केला.

काचेतून तिला त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. शांत. समोर बघत होता, उजवीकडच्या आरशात बघत होता, अगदी नेहमीसारखा. आणि बस तिरकी होत थेट तिच्या अंगावर येत होती.

कुणीतरी तिला दंडाला धरून मागं खेचलं. चाक फूटपाथवर चढलं, पेपरवाल्याचं बाकडं मोडलं आणि बस थांबली.

"काय आपटलं रे?" प्रफुल्लनं आतून विचारलं.

मेघना दारातून वर चढली. "मी उभी होते तिथं. हात करत होते."

"तू? कुठे?"

तिनं वाकून बसची चावी काढून घेतली. मग मितेशला फोन लावला.

ठाण्यातल्या डॉक्टरांनी स्कॅन करून घेतला आणि मेघनाला समोर बसवून सांगितलं, "डोळे उत्तम आहेत. गाठ मेंदूत आहे, उजव्या बाजूला. यांना डावीकडचं दिसत नाही, आणि दिसत नाही हे त्यांना कळतही नाही."

ऑपरेशन झालं. प्रफुल्ल वाचला, बोलायचाही पूर्वीसारखाच. डावी बाजू मात्र परत आली नाही. लायसन्स गेलं.

तो घरी आल्यावर एका दुपारी मितेश आला. बरोबर एक हवालदार होते.

"कल्याण-शीळ रोडवर सायकलवरून जाणाऱ्या एका भाजीवाल्याला पांढऱ्या बसनं उडवलं," हवालदार म्हणाले. "तुम्ही आजारी पडायच्या आधीच्या शुक्रवारी. बस रिकामी होती, डिझेल भरायला निघालेली. कॅमेऱ्यात दिसतेय. तुमच्या बसला डावीकडून सायकलचा निळा रंग लागलाय. थांबला का नाहीत?"

प्रफुल्ल म्हणाला, "साहेब, मला कुणी दिसलंच नाही."

"सगळे हेच म्हणतात."

"तो माणूस कसा आहे?" मेघनानं विचारलं.

"हॉस्पिटलात आहे. अजून शुद्धीवर आलेला नाही."

तो शुक्रवार तिला आठवला. प्रफुल्ल वेळेवर घरी आलेला, चहा पिऊन खेळायला बसलेला. ती जिंकली होती. त्या आनंदात तिनं शिरा केलेला, आणि त्यानं तो मागून घेऊन खाल्लेला.

"मला त्या माणसाकडे न्या," प्रफुल्ल म्हणाला.

"आधी चौकीत यावं लागेल."

तो उठला. दारात चपला होत्या. उजवी त्यानं पायात घातली. डावी तिथंच, वीतभर अंतरावर पडलेली. भिंतीला हात टेकून तो खाली बघत ती शोधत राहिला. मेघना पुढं होणार, तेवढ्यात हवालदारांनी हातानं तिला थांबवलं, आणि ते नुसते त्याच्याकडे बघत उभे राहिले.