न फुगणारी फेणी

आमच्या वाडीत तांदळाच्या, तळून खायच्या फेण्या घालायच्या म्हणजे सगळ्या बायका एकीच्या गच्चीवर जमतात आणि जाताना प्रत्येकीला वाटा मिळतो. या चांगल्या पद्धतीनेच माझा घात केला.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं होतं. माझा प्रयोग म्हणजे खाऊ बांधायचा कागद, तोही प्लास्टिकशिवाय. तांदळाची घट्ट पेज, थोडं ग्लिसरीन आणि वीटभट्टीतली भाताच्या तुसाची पांढरी राख, कुटून ओढणीतून गाळलेली. राखेतले सिलिकाचे कण पेजेच्या जाळीत बसतात आणि पाण्याची वाट अडवतात. मी त्यांना नॅनोकण म्हणायची. आमचे विज्ञानाचे किशोर सर म्हणाले, "नॅनो म्हणताना जपून. ओढणीतून गेलं ते सगळं नॅनो नसतं."

मी म्हटलं, "काही तरी असेलच ना, सर." गेल्या वर्षी याच सरांसमोर मला स्वतःचं नावही धड सांगता आलं नव्हतं.

कागद आमच्या गच्चीवर ताटांत गोल चकत्यांसारखा सुकत होता. हात लागायला नको म्हणून मी तिकडे फिरकलेच नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गेले, तर ताटं घासून पालथी.

"आई, माझा कागद?"

"कसला कागद? परवा फेण्या वाटल्या तेव्हा ताटांतल्या फेण्या ओल्याच होत्या. म्हटलं, घरी सुकवतील, म्हणून बायजाकाकींच्या वाट्यात घातल्या."

मी पळाले. काकी अंगणातच होत्या.

"सुनंदाची पोर ना गं? बरी आलीस. आईला सांग, फेण्या बिघडल्या. उन्हात टाकल्या तरी वाकतात, मोडत नाय. एक तळली, ती फुगायचं नावच घेत नाय. कोंबड्यांना टाकली."

"बाकीच्या?"

"त्यापन कोंबड्यांनाच. आवडल्या त्यांना."

"एकपण नाही उरली?"

"एक हाय. तुझ्या काकाला चिंचेची चटणी बांधून दिली तिच्यात. पिशवी फाटली होती."

जैतूकाका पळसदरीच्या धरणाखाली वालाच्या शेतात. मी सायकल अशी हाणली की चेन दोनदा पडली. काका बांधावर बसले होते. भाकरी संपलेली, माझा कागद मांडीवर उघडा, आणि ते बोटाने शेवटची चटणी पुसत होते.

"काका, टाकू नका तो."

"टाकतो कशाला? खाणार होतो."

"खाऊ पण नका. चटणी गळली का?"

"सकाळपासून खिशात होती. बघ की."

पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर एक डाग नव्हता. मी कागद घेतला, मग सदरा मागितला.

"आणि मी काय घालू गं?"

"बनियन आहे ना."

प्रदर्शनात टेबलावर चटणीचा कागद आणि शेजारी सदरा. परीक्षक बाईंनी आधी सदरा हुंगला, मग मला विचारलं, "किती नमुन्यांवर चाचणी केलीस?"

"एका. बाकीचे कोंबड्यांनी खाल्ले."

त्या हसू दाबत म्हणाल्या, "हे तक्त्यावर लिहिलंयस?"

"लिहिते," म्हटलं आणि त्यांचंच पेन मागून लिहिलं. मग त्यांनी कागदाचा द्रोण करून त्यात पाणी ओतलं आणि पुढचे प्रयोग बघायला गेल्या. परत आल्या तेव्हाही खालचं टेबल कोरडं होतं.

माझी निवड जिल्ह्याला झाली. बातमी सांगायला बायजाकाकींकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "ते राहू दे. माझ्या वाट्याच्या फेण्यांचं काय?"

म्हणून आज रविवारी मी त्यांच्या अंगणात फेण्या घालत बसले आहे. मला आत घेण्याआधी काकींनी माझी ओढणी झटकून बघितली, राख तर नाही ना आणली.