चुन्याच्या दगडांच्या वर

पहिली खेप: कवेलू

सुखरामनं घराच्या छपराचे कवेलू उतरवले, बंडीत धानाच्या तणशीवर रचले आणि बैल टेकाडाकडं हाकले. मागं वळून पाहिलं, तर बायको जागची हललेली नव्हती. उघड्या आभाळाखाली बायजानं चूल पेटवली होती. जणू घर मोडतच नव्हतं.

आदल्या सालच्या पुरात वैनगंगेनं खैरघाटची खालची आळी नेली, माणसांसकट. मग सरकारी ओव्हरसियर आला, मोजणीची साखळी धरून शिवारभर फिरला आणि चुना फासलेले दगड रोवून गेला. दगडांच्या खाली, नदीच्या अंगाला, धान लावा, वांगी लावा, ढोरं चारा. घर मात्र नको. घरं वर, टेकाडावर. तिथला प्लॉट मिळणार, पण जुनं घर जोत्यापर्यंत मोडून दाखवल्यावर.

"तसंच ठेवलं, तर धान रोवण्याच्या दिवसांत शेत जवळ म्हणून खालीच झोपाल तुम्ही," तो म्हणाला होता. "पूर काय विचारून येतो?"

त्यात खोटं काही नव्हतं. सगळ्या गावानं मान हलवली. बायजानं नाही हलवली.


दुसरी खेप: फाटे, बल्ल्या

लाकडं चढवायला शेजारचा यादोराव आला. त्याला गप्प राहून काम करता येत नसे.

"वहिनी, चाला आता! का नदीले चहा पाजूनच येता?"

"तुमी व्हा पुढं, भाऊजी. माही रत्ना इथं हाय."

यादोरावचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. त्यानं निमूटपणे बल्ली खांद्यावर घेतली.

दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. पाच महिन्यांची रत्ना तापानं गेली, तेव्हा सुखरामनंच घरामागच्या सांदवाडीत, शेवग्याजवळ खड्डा खणला होता. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बायजानं आपला मसाल्याचा पाटा वर ठेवला. तेव्हापासून ती शेजारणीच्या पाट्यावर मसाला वाटी. दिवाळीची पहिली पणती त्या दगडापाशी लागे.


तिसरी खेप: दार

चौकटीसकट दार निघालं. आता घराला नुसतं भोक उरलं. नदीकडून आलेला वारा थेट चुलीपर्यंत गेला.

"बायजे, चाल. आभाळ भरून आलं."

"तिले सोडून? तिले पोहता येते का?"

"मंग मीबी इथंच राहतो."

"राहा."

"राहतोच. दोघंबी राहू."

बायजानं त्याच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग धुण्याची टोपली उचलली आणि तलावाकडं चालती झाली.


चौथी खेप: गाठोडं

ती दिसेनाशी झाल्यावर सुखरामनं पाटा बाजूला सारला आणि कुदळ घेतली.

वाळू.

आणखी खोल. वाळू.

शेवग्याच्या या अंगाला. त्या अंगाला. वाळू, नदीची, बारीक, ओली.

मग त्याला आठवलं. पूर ओसरला तेव्हा पाटा कुंपणाला अडकलेला सापडला होता. बायजानं तो अंदाजानं परत ठेवला होता. आणि पुरानं सांदवाडी अशी खरवडून नेली होती, की शेवग्याच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या. हे दोघांनीही पाहिलं होतं. बोललं कुणीच नव्हतं.

पोर चुन्याच्या दगडांची वाट न पाहताच पुराबरोबर गेली होती.

सुखराम खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. मग दोरीवरचं बायजाचं फाटकं लुगडं ओढलं, त्यात दोन ओंजळी वाळू घातली आणि घट्ट गाठ मारली.

बायजा परतली, तेव्हा त्यानं गाठोडं दोन्ही हातांनी पुढं केलं.

"आनली."

तिनं ते छातीशी घेतलं.

"हलकी हाय."

"हलकीच होती ना ती."

बायजानं चुलीत पाणी ओतलं. बंडीत बसली, गाठोडं मांडीवर. चाक खड्ड्यात गेलं की ती त्यावर हात ठेवी. टेकाडावरच्या नव्या सांदवाडीत सुखरामनं खड्डा खणला. पाटा त्यावर आला. पणती लागू लागली.


खेप नाही

बऱ्याच वर्षांनी नदी पुन्हा तशीच चढली. जुनं गावठाण बुडालं, वांग्यांचे वाफे बुडाले, आणि चुन्याच्या दगडांच्या हातभर खाली पाणी थांबलं. सगळा खैरघाट टेकाडाच्या काठावर उभा. माणसं मोजून झाली. एकही कमी नव्हतं.

"ओव्हरसियरनं पान्याले दम देऊन ठेवला होता वाटते!" म्हातारा यादोराव ओरडला, आणि लोक हसले. किती दिवसांनी असे हसले.

सुखराम बायजाला शोधत होता. ती पार शेवटच्या दगडापाशी भिजत उभी होती. खाली शेवग्याचा शेंडा तेवढा पाण्याबाहेर होता.

"घरी चाल. पाट्याजवळ पानी साचून राहिलं."

"साचू द्या. तिथं वाळू हाय."

सुखरामनं वळून तिच्याकडं पाहिलं.

"गाठोडं मांडीवर होतं माह्या," बायजा म्हणाली. "सारी वाट कचकचत होतं."

"मंग आली काहून?"

"तुमी राहतो म्हनले होते. तुमी खरंच राहिले असते."

शेवग्याचा शेंडा हलला, कलला, दिसेनासा झाला. बायजा पाहत राहिली.

सुखराम घरी आला. सांदवाडीत उकिडवा बसला आणि पाट्याभोवतीचं पाणी ओंजळीनं उपसू लागला. पाऊस चालूच होता. उपसलं तेवढं पुन्हा भरत होतं. काही वेळानं बायजा आली. पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं उपसायला बसली.