हलक्या आवाजातला हर्रास

"आवाज किती दिवस पुरन, डॉक्टरसाहेब?" चंद्रभानने घोगऱ्या आवाजात कसंबसं विचारलं.

त्याची बायको आनंदाबाई भडकली. "जीवाचं इचारा ना आंधी! आवाजाचं काय घेऊन बसले तुमी?"

रेडिएशनचा शेक घेऊन घशातली गाठ आटली होती. आता ती पुन्हा वाढली होती आणि मानेतही उतरली होती. परत शेक देता येत नव्हता, ऑपरेशनची वेळही निघून गेली होती. "थोडे महिने," डॉक्टर म्हणाले, "आवाज त्याआधीच जाईल."

सुरुवातीलाच त्यांनी स्वरयंत्र काढायला सांगितलं होतं. चंद्रभान हटून बसला. हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारणारा माणूस तो. गाडीवर चढून त्याने भाव पुकारला की व्यापारी इरेला पेटायचे. आवाज गेल्यावर उरायचं कशाला, असं त्याला वाटलं. म्हणून नुसता शेक घेतला. आनंदाबाईने त्याला त्याबद्दल माफ केलं नाही, आणि एका वेळचं औषधही चुकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेलाच. बापूराव नावाच्या शेतकऱ्याच्या कापसाच्या गाडीवर चढला. त्याचा आवाज ऐकून व्यापारी गप्प झाले. कोणीतरी शेजारचा ट्रॅक्टर बंद करायला लावला. चंद्रभानच्या वरताण ओरडायचं कसं, म्हणून जो तो देवळात बोलावं तसा हळूच भाव सांगू लागला. अशाने चढाओढ कसली होते? भाव दोनदा चढला आणि तिथेच बसला.

सगळे आपला मान राखताहेत हे चंद्रभानला कळलं. त्याला ते फार आवडलं, डोळेही भरून आले. पण खाली बापूराव पडेल चेहऱ्याने उभे होते. भिडेपोटी बिचारे काही बोलत नव्हते.

सौदा पक्का करायच्या आधीच चंद्रभान गाडीवरून उतरला. त्याच्या हाताखाली तयार झालेला बंडूजी धावत आला.

"तू पुकार. पयल्यापासून."

"भाऊ, तुमी असतांना मी काऊन चढू?"

"कापूस माहा हाये का? चढ."

बंडूजीने पहिली हाक घातली आणि बाजार एकदम पेटला. व्यापारी एकमेकांवर ओरडू लागले, भाव चढत गेला. बापूरावांच्या शेजारी उभा राहून चंद्रभानही प्रत्येक भाव पुकारत होता. बापूरावांना तो ऐकू येत नव्हता.