सातवा कप्पा

"सातवा पुसून टाक आणि तेवढाच नवा कर," असं म्हणत मॅनेजरनं सर्व्हरच्या खोलीचं दार पाठीनं लोटून लावलं.

तिनं यादी उघडली. सगळ्या डिस्कची जागा कापून हे कप्पे तिनंच पाडले होते. कारखान्याच्या प्रत्येक विभागाला एक, दोन-दोन टीबीचा, म्हणजे टेराबाइटचा. सातव्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण. त्यात मंगळवारची सकाळ होती. आधी हाच मॅनेजर, 'काढ ती जाळी' म्हणून हातवारे करणारा. मग दादाचा हात.

कागदावर मात्र हात आत जाऊ नये म्हणून लावलेली ती जाळी दादानंच काढलेली, मस्तीत. हात गेला तो गेला, वर खापरही त्याच्याच माथी.

"उद्याच्या चौकशीत हेच मागतील, साहेब."

"ते आम्ही बघू. तू नसत्या उठाठेवी करू नकोस. हॉस्पिटलात तुझ्या दादाच्या उशाशी आपला माणूस बसवलाय. सख्ख्या भावासारखा बघतोय त्याचं."

"सख्खी बहीण इथं आहे ना."

"म्हणून तर तुला सांगतोय. मला यातलं ओ की ठो कळत नाही, बाई. उरक."

कप्पा पुसणं वेगळं, तोडणं वेगळं. तिनं सातवा कॅमेऱ्याच्या मशीनपासून नुसता तोडला. जोडलेल्या कप्प्यांच्या यादीतून तो गेला. सर्व्हरच्या पोटात जसाच्या तसा राहिला. मग तिनं दोन टीबीचा नवा कप्पा केला, मशीनला जोडला आणि ओला तळवा ओढणीला पुसला.

"झालं, साहेब."

मॅनेजर वाकला. यादीवरून त्याचं बोट सावकाश खाली आलं आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर थांबलं.

"मघाशी इथं रिकामी जागा नऊ होती."

तिनं यादी मिटायला माउस धरला.

"दोनाचा गेला, दोनाचा आला. मग सात कशी?" तो हसला. "कॉम्प्युटर येत नाही गं मला. वजाबाकी येते."

त्यानं दारापाशी स्टूल ओढलं, बसला, फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"काय रे, झोपलाय का तो?"

"आत्ताच डोळा लागलाय, साहेब."

आवाजामागं दादाचा खोकला ऐकू आला.

मॅनेजरनं फोन बंद केला नाही. कीबोर्ड तेवढा तिच्यापुढं सरकवला.