भिंतीकडचा गोल

रविवारी सकाळी चष्मेवालीने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तिच्या नवऱ्याने तो चहा चकार शब्द न काढता अर्धा पिऊन खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात तो एवढं नक्की शिकला होता, की हिरव्यांचा, म्हणजे तिच्या फुटबॉल क्लबचा, सामना असला की बायकोच्या वाटेला जायचं नाही. आज तर सामनाही नव्हता. आज क्लब राहणार की जाणार, याचा निकाल लागायचा होता.

"ओटा तिसऱ्यांदा पुसतेयस," एवढंच तो म्हणाला.

"घाण आहे म्हणून पुसतेय."

"होता घाण. आता त्याचा रंग निघायला लागलाय."

हा नवरा तसा भला माणूस, पण फुटबॉलच्या बाबतीत अगदी दगड. ती सामन्याहून आली की "किती झाले?" विचारायचा, आणि शून्य-शून्य सांगितलं की म्हणायचा, "मग खेळले कशाला?" असल्या माणसाशी आज काय बोलणार? तिने फडकं पिळून वाळत टाकलं, पुन्हा काढलं आणि खिडकी पुसायला घेतली.

तिला चष्मेवाली म्हणायचे ते ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची म्हणून. पण हे नाव मैदानावर पडलं ते दुसऱ्याच कारणाने. पंचाने हिरव्यांच्या विरोधात शिट्टी मारली की गोलमागच्या भिंतीकडून, तिच्या नेहमीच्या जागेवरून, तिचा आवाज यायचा, "अहो, या दुकानात! फुकट नंबर काढून देते!" एका पंचाने खरंच येऊन नंबर काढून घेतला होता. निघाला चांगला जाडजूड, आणि त्या दिवसापासून तिच्या शब्दाला भिंतीकडे वजन आलं.

आदल्या दिवशी मात्र तिच्याच हाताने घोळ झाला. एका निवृत्त मास्तरांच्या चष्म्यात तिने उजवी काच डावीकडे बसवली आणि डावी उजवीकडे. मास्तर चष्मा घालून ऐटीत निघाले आणि दाराऐवजी आरशाकडे चालू लागले. मालकांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं, मग हिच्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही घरी जा," ते म्हणाले. "सोमवारी या. तोपर्यंत जे काय व्हायचं ते होऊन जाऊ दे."

हिरवे म्हणजे मूळची कंदिलाच्या कारखान्याची टीम. कारखाना कधीच बंद पडला, टीम राहिली. कंदिलांना लावायचा हिरवा रंग उरला होता, तो कामगारांनी गोलच्या खांबांना फासला आणि मग सदरेही हिरवे शिवले. सदरे हिरवे की निळे, यावरून तेव्हा म्हणे मारामारीची वेळ आली होती. निम्म्या कामगारांना लिहिता येत नव्हतं, म्हणून कुणीतरी तोडगा काढला: ज्यांना हिरवा हवा त्यांनी या गोलमागे जा, ज्यांना निळा हवा त्यांनी त्या. माणसं मोजली, भांडण मिटलं. तेव्हापासून हिरव्यांचा प्रत्येक मोठा निर्णय असा गवतावर झाला. तिकडे कागद चालत नाही. आपण कुठे उभे आहोत ते चारचौघांना दिसलं पाहिजे, ही रीत.

चषक एकदाच आला. तो आणला 'लंगड्या' नावाच्या सेंटर फॉरवर्डने, आणि तोही दुखऱ्या गुडघ्याने. बाबा सांगायचे, की तो खरं तर मैदान सोडून बाहेर चालला होता, तेवढ्यात चेंडू येऊन त्याच्या गुडघ्यावर आपटला आणि थेट आत गेला. ती तेव्हा बाबांच्या खांद्यावर होती. तिला दिसली ती फक्त पुढच्या माणसाची टोपी. पण ती गोष्ट तिने आयुष्यात इतक्यांदा सांगितली, की आता तिला तो गुडघा, तो चेंडू, जाळीचं हलणं, सगळं अगदी लख्ख दिसायचं.

आणि आताची टीम? गोलकीपर असा धावत पुढे यायचा की जणू त्याची बस सुटतेय. मधला बचावपटू चेंडू आला की मागे ढकलायचा, दुसऱ्याचं ओलं झालेलं पोर परत द्यावं तसा. पुढच्या दोघांना गोल कुठल्या बाजूला आहे ते विचारावं लागायचं. आणि लेफ्ट बॅक! त्याच्यावर तर तिची विशेष मर्जी. "ए लेफ्ट बॅक, झोपलायस का?" ती ओरडायची आणि भिंतीकडचे सगळे खो खो हसायचे, कारण लेफ्ट बॅक तिचा मुलगा होता.

खरा पेच तोच होता. गुरुवारी संध्याकाळी तो सरावाहून आला, बूट दारातच काढले आणि तिच्यासमोर येऊन बसला.

"आई, रविवारी तू कुठे उभी राहणार?"

"का रे?"

"तांबड्यांबरोबर एक होण्याला हो म्हण. आपल्या मैदानाला दिवे नाहीत, बाकं मोडलीत. पुढच्या वर्षी आपल्याला लीगमध्ये घेणारच नाहीत. त्यांच्या कोचने सांगितलंय, एकच टीम झाली तर मला घेतील. नाही झाली तर मी खेळू कुठे? गच्चीवर?"

"तांबड्यांबरोबर," ती म्हणाली. कालव्यापलीकडच्या त्या टीमचं नाव तिच्या घरात एरवी घेतलं जात नसे. "हिरवा आणि तांबडा एका सदऱ्यावर. कलिंगड दिसाल सगळे."

तो हसला नाही. "माझी अजून चार-पाच वर्षं आहेत गं. मग कुणी बोलवणार नाही."

"बघू," ती म्हणाली, आणि त्या क्षणापासून तिला चैन नव्हतं. भाजी चिरताना, दुकानात, अंघोळीला गेली तरी डोक्यात तेच. बाबा असते तर काय म्हणाले असते? नाहीच म्हणाले असते. पण बाबांचा मुलगा काही लेफ्ट बॅक नव्हता. एकदा वाटे, पोराला दुसरं काहीतरी काम मिळेल, क्लब मात्र पुन्हा मिळणार नाही. लगेच वाटे, कसली आई आहेस तू? शनिवारी रात्री तिने मनाशी ठरवलं: हो म्हणायचं. पोरासाठी. कुणाला सांगितलं नाही, मुलालाही नाही. एकदा ठरवलं की जीव शांत होईल असं तिला वाटलं होतं, पण कुठलं काय. सकाळी चहात मीठ पडलंच.

दुपारी ती मैदानावर पोचली तेव्हा सगळे सभासद कडेच्या रेषेजवळ जमले होते. सेक्रेटरींनी भोंगा हातात घेतला. तो आधी किंचाळला, मग बोलू लागला. एक होण्याच्या बाजूचे असतील त्यांनी कालव्याकडच्या गोलमागे जायचं. विरोधात असतील त्यांनी भिंतीकडच्या. पहिल्या शिट्टीला निघायचं. मग रिवाजाप्रमाणे सेक्रेटरी ग्लासभर पाणी पिणार, आणि पाणी संपलं की दुसरी शिट्टी. त्यानंतर जो जिथे असेल तिथे त्याला मोजणार.

"कळलं का?" शेजारून पोस्टमन म्हणाला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी त्याला सगळे पोस्टमनच म्हणत. तिच्या लग्नाच्या आधीपासून तो भिंतीकडे तिच्या शेजारी उभा राहत आला होता.

"कळायला काय झालंय? लहान आहे का मी?"

शिट्टी झाली. गर्दी हलली. पोस्टमन म्हणाला, "आज लंगड्या असता तर या सेक्रेटरीला उजव्या गुडघ्याने हाणला असता."

"डाव्या."

"उजवा गं. मी होतो तिथे."

"मी पण होते. बाबांच्या खांद्यावर. डावा गुडघा. उजवा धड होता, त्यावर तर तो उभा होता!"

"डावा धड होता. ऑपरेशन उजव्याचं झालेलं."

"कुणी सांगितलं तुला? डॉक्टर होतास का तू?"

अशी बाचाबाची करत दोघं चालत राहिली, मध्ये तिने त्याच्या दंडावर एक चापटही मारली. भिंत आली. तिथली एक वीट फुटलेली होती, त्या खाचेत तिने कोपर टेकवलं आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तिला बरं वाटलं. अगदी मोकळा श्वास घेतला तिने.

पोस्टमन घसा खाकरून म्हणाला, "खरं सांगू? मला वाटलं होतं तू तिकडे जाशील. पोरामुळे. सगळेच तसं बोलत होते. तू आलीस, जिवाला बरं वाटलं बघ."

"तिकडे म्हणजे..." ती म्हणाली, आणि आपण कुठे उभे आहोत ते तिला तेव्हा कळलं.

तिने समोर बघितलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला टीम उभी होती. तिचा मुलगा कमरेवर हात ठेवून खाली गवताकडे बघत होता. त्याने तिला बघितलं होतं. बघून मान खाली घातली होती.

तिथेच राहणं किती सोपं होतं. कुणाला काही सांगायला नको होतं. पायांनी परस्पर निकाल लावला होता, आणि तिला मनातून त्या भिंतीला टेकून इतकं बरं वाटत होतं, की त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली. मुलगा रागावणारही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो रात्री घरी येईल, जेवेल, "भाजी चांगली झालीय" म्हणेल. तेच तिला सहन झालं नसतं.

"मी चुकून आले," ती म्हणाली.

"चुकून? अगं, जन्मभर इथेच तर येतेस."

"म्हणूनच," ती म्हणाली आणि निघाली.

कडेने जायला वेळ नव्हता. ती सरळ मैदानातून चालू लागली. सगळी डोकी तिच्याकडे वळली. कुणीतरी ओरडलं, "ऑफसाइड!" आणि हशा पिकला. तीही हसली असती, पण लगेच मागून दुसरा आवाज आला, "पोरासाठी क्लब विकला!" हशा थांबला. तिचे डोळे भरले, समोरचं धूसर झालं, तरी ती थांबली नाही. मागे तिच्यासारखेच सवयीने भिंतीकडे गेलेले आणखी काही जण आपापल्या पायांकडे बघून दचकले आणि खाली मान घालून तिच्या मागे निघाले. बेकरीवाला तर चक्क पळत सुटला.

सेक्रेटरींचं पाणी संपलं होतं. त्यांनी तिला मध्यरेषेवर बघितलं आणि रिकामा ग्लास तोंडाला लावून ते तसेच उभे राहिले. ती गोलपाशी पोचल्यावर त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि शिट्टी मारली.

मुलगा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "तू तिकडे गेलीस तेव्हा मी म्हटलं, ठीक आहे," तो हळूच म्हणाला.

"काय ठीक आहे? हो म्हणायला तीन दिवस माझा जीव जातोय, आणि तू म्हणे ठीक आहे!"

मोजणी झाली. 'हो'ची माणसं बरीच जास्त भरली. म्हणजे ती भिंतीकडेच राहिली असती तरी हेच झालं असतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जिंकलेले सगळे आपण काहीतरी फोडल्यासारखे उभे होते. पलीकडे भिंतीकडचे लोक हलले नव्हते. पोस्टमन आपल्या जागेवर होता, त्याच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी फट होती, आणि शेजारचं कुणी सरकून ती भरत नव्हतं. त्याने इकडे बघितलं नाही.

चष्मेवाली त्या फटीकडे बघत राहिली. मग तिने पदराने नाक पुसलं आणि मुलाकडे वळली.

"बरं, आता तांबड्यांच्या मैदानावर यायचं म्हणजे... तिकडे आपण उभं कुठे राहायचं?"

मुलगा घुटमळला. "आई, तिकडे उभं नाही राहत कुणी. खुर्च्या आहेत. प्रत्येकाचा नंबर असतो."

"बसून?" ती म्हणाली. "बसून बघायचं?"

त्याने होकारार्थी मान हलवली. तेव्हा मात्र तिला रडू आवरेना, आणि लेफ्ट बॅकने सगळ्या टीमसमोर आईला जवळ घेतलं.