दोन कुलपं

"चावी," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

दवाखान्याच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये आम्ही दोघेच होतो. लिफ्टचा मेन स्विच मी नुकताच बंद केला होता, त्याच्या दांड्याला कुलूप घातलं होतं. चावी खिशात टाकणार, तोच हा गृहस्थ प्रसाद घ्यायला आल्यासारखा ओंजळ धरून उभा!

"कसली चावी?"

"कुलपाची. तुम्ही खाली जाणार. मी वर थांबणार. चावी माझ्याकडे."

"वा रे वा! खड्ड्यात मी उतरायचं आणि चावी तुझ्या खिशात?"

"हो," तो म्हणाला. मी जणू किती वाजले विचारलं होतं.

मी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. लिफ्टच्या तळाशी पुरुषभर खोल खड्डा असतो. तिथे उतरून ग्रीस लावायचं, स्प्रिंगा तपासायच्या, पाणी झिरपलं असेल तर उपसायचं. त्या वेळी लिफ्टची पेटी डोक्यावर लोंबत असते. वर कोणी शहाण्याने स्विच चालू केला आणि पेटी खाली आली, तर माणसाची चटणी. म्हणून जो उतरतो त्याने चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. हा कंपनीचा नियम आहेच, पण नियम नसता तरी मी पाळला असता. आपला जीव आपल्या खिशात बरा.

माझा जुना जोडीदार एकोणीस वर्षांनी निवृत्त झाला आणि साहेबांनी त्याच्या जागी हा दिला. "समुद्रापलीकडचा आहे, रीतभात जरा वेगळी. सांभाळून घ्या," असं वर सांगितलं. संध्याकाळपर्यंत वर्कशॉपने त्याचं नाव 'पाहुणा' पाडलं. पाहुणा आपली भाषा पुस्तकातून शिकला होता आणि विटेवर वीट ठेवावी तसा एकेक शब्द ठेवायचा. आम्ही विनोद केला की गप्प, आणि कोणी काही बोललेलं नसताना एकटाच हसायचा. माझ्या डोळ्याला डोळा तर कधीच भिडवला नाही. मी बोलायला लागलो की हा आपला बुटांकडे बघणार. जो माणूस डोळ्यांत बघत नाही त्याच्या मनात काहीतरी असतं, असं माझं सरळ मत. इथे पाणी मुरतंय, हे मी पहिल्या दिवशीच ओळखलं.

त्या दिवशी मी चावी दिली नाही. पण दोन दिवसांनी खड्ड्यात उतरायची त्याची पाळी आली, तर पठ्ठ्याने कुलूप लावलं आणि चावी माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, वा, काय डोकं आहे! उद्या काही कमी-जास्त झालं तर सगळं माझ्या डोक्यावर.

"मला कशाला देतोस? तुझी तू ठेव."

तो बुटांकडे बघत म्हणाला, "माझे वडील विहिरी खणायचे. खाली उतरणारा माणूस कमरेचा दोर स्वतः बांधत नाही. वर थांबणारा बांधतो. स्वतः गाठ मारली तर वरच्याला सांगितल्यासारखं होतं, तुझा भरवसा नाही. मग दोन घरं आयुष्यभर बोलत नाहीत."

"आणि वरच्याच्या हातून दोर सुटला तर?"

त्याने लावलेलं कुलूप एकदा ओढून बघितलं.

"सुटत नाही," तो म्हणाला.

कपाळ माझं! बापाची गोष्ट सांगून माणसाला गुंडाळणारे मी कमी पाहिले नाहीत.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग द्या की चावी. तो देतोय ना तुम्हाला?"

"तुला काय जातंय म्हणायला? खड्ड्यात मी असतो."

"तुमचा स्वभाव मला नवा आहे का? लग्न ठरवताना माझ्या भावाला बाजूला घेऊन विचारलं होतंत, मुलीला दोन्ही कानांनी ऐकू येतं ना म्हणून!"

"विचारलेलं बरं असतं."

"येतं हो ऐकू. तीस वर्षं हेच ऐकतेय," ती म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

पण रोज मशीन रूममध्ये तीच ओंजळ, तेच तोंड. मी नाही म्हटलं की त्याचा चेहरा असा पडायचा, की मला उगाच अपराधी वाटायचं आणि अपराधी वाटलं की राग यायचा. शेवटी मी तोड काढली. हत्यारांच्या पेटीत एका जुन्या कपाटाची चावी पडली होती. तशीच पितळी, तेवढीच लांब. ती मी त्याच्या ओंजळीत ठेवली. खरी माझ्या पँटच्या खिशात.

पाहुण्याने ती चावी शर्टाच्या खिशात घातली, बटण लावलं आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा योग्य वेळी हसला. मी मनात म्हटलं, साप मेला आणि काठीही मोडली नाही.

असे पाच महिने गेले. काम झालं की मी वर यायचो, त्याच्याकडून चावी परत घ्यायचो, त्याच्याकडे पाठ करून खऱ्या चावीने कुलूप काढायचो. "कुलूप मीच उघडणार, माझी सवय आहे," असं सांगून ठेवलं होतं. त्याने कधी का म्हणून विचारलं नाही. तेही मला खटकायचं. विचारत का नाही हा?

एकदा तर मी काम अर्धवट टाकून, पाय न वाजवता पाच मजले चढून गेलो. म्हटलं, बघू तरी वर काय उद्योग चालतात. पाहुणा स्विचला पाठ लावून उभा होता, हात छातीच्या खिशावर. शेजारी खुर्ची रिकामी होती. पाण्याची बाटली खिडकीत, चार पावलांवर.

"बस की जरा," मी म्हटलं.

"तुम्ही खाली आहात," तो म्हणाला.

उतरताना मला वाटलं, याला माझी चाहूल लागली असणार. एकतीस वर्षं शिडीवर चढउतार करणाऱ्याचे गुडघे वाजतातच.

मग त्याच दवाखान्यात तो दिवस उजाडला. खड्ड्यातलं काम संपवून मी शिडीला हात घातला, ग्रीसवरून पाय सटकला आणि गुडघा असा पिरगळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझी हाक ऐकून पाहुणा पाचही मजले धावत उतरला. मला काखेत धरून त्याने वर ओढलं, बाकावर बसवलं, स्वतःचा रुमाल ओला करून गुडघ्याला बांधला. तेवढ्यात सिस्टर आली.

"लिफ्ट कधी सुरू होणार? पेशंटला वर ऑपरेशनला न्यायचंय. डॉक्टर खोळंबलेत."

स्ट्रेचरवर एक म्हातारी होती. तिची मुलगी तिचा हात धरून उभी होती आणि आमच्याकडे बघत होती.

पाच मजले चढणं मला शक्य नव्हतं. पाहुण्याने खिशाचं बटण काढलं.

"चावी माझ्याकडे आहे," तो सिस्टरला म्हणाला. छाती फुगवून म्हणाला, अगदी. आणि जिन्याकडे पळाला.

खरी चावी माझ्या मांडीला टोचत होती. 'थांब' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत म्हणता आला असता, दुसऱ्यावर पोचेपर्यंतसुद्धा. सिस्टरसमोर, त्या मुलीसमोर, मी तोंड उघडलंच नाही. वाटलं, काहीतरी होईल. काय होणार होतं? पितळेची चावी काय दया येऊन फिरणार होती?

तो बऱ्याच वेळाने खाली आला. घामाने निथळत होता. अंगठ्याचं साल निघालं होतं आणि ओंजळीत चावी होती, वाकलेली.

"मिस्त्री, मी मोडली," तो म्हणाला. "फिरत नव्हती. मी जोर केला. चूक माझी आहे. तुमचा माझ्यावर भरवसा होता."

मी खिशात हात घातला आणि खरी चावी बाहेर काढली. काय बोलणार, थोबाड होतं कुठे! त्याने तिच्याकडे पाहिलं, मग वाकलेल्या चावीकडे. मग त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. रागाने नव्हे. पोस्टात खिडकीपलीकडच्या माणसाकडे बघतो ना आपण, तसं. त्याने एका हाताने चावी घेतली आणि पुन्हा पाच मजले चढला.

लिफ्टचा दिवा लागला. म्हातारी वर गेली. तिचं ऑपरेशन नीट झालं म्हणे.

गुडघा धरून चार दिवस घरी बसलो. सगळं सांगितल्यावर बायको भांडलीसुद्धा नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

"आधी जाऊन त्याची माफी मागा," एवढंच म्हणाली.

मागायला गेलो. वर्कशॉपमध्ये तो हत्यारं पुसत होता. मी म्हटलं, "अरे, त्या दिवशी माझं चुकलं. तुझ्याशी असं वागायला नको होतं मी."

"नाही, मिस्त्री. नियम आहे. तुमचं बरोबर होतं." त्याने पिशवीतून एक नवं कुलूप काढून दाखवलं. "आता तुमचं कुलूप, तुमची चावी. माझं कुलूप, माझी चावी. दोन्ही निघाल्याशिवाय स्विच चालू होणार नाही. वर उभं राहायला नको."

संध्याकाळी बायकोने विचारलं, "काय म्हणाला?"

"मलाच बरोबर ठरवलं त्याने."

"म्हणजे संपलंच की हो," ती म्हणाली.

तसं बघितलं तर काही बिघडलं नव्हतं. तो वेळेवर यायचा, जड सामान स्वतः उचलायचा, गुडघ्याची चौकशी करायचा. तक्रार करावी असं काही नव्हतं. फक्त विहिरींबद्दल, वडिलांबद्दल तो पुन्हा बोलला नाही. एकदा मीच विषय काढला, "किती खोल असायच्या रे?" तर म्हणाला, "खोल असायच्या," आणि पाना मागितला.

महिन्याभराने साहेब दवाखान्यात तपासणीला आले. स्विचवरची दोन कुलपं बघून भलतेच खूश झाले. "अरे, हे झकास आहे! सगळ्या जोड्यांना लागू करू. दोन देशांची माणसं आणि काय ताळमेळ! कोणाची कल्पना ही?"

मी तोंड उघडायच्या आत पाहुणा म्हणाला, "मिस्त्रींची."

त्याच्या आवाजात मी टोमणा शोधला. जन्मभर हेच करत आलो, दुसऱ्याच्या बोलण्यात खोच शोधणं, त्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण नखाएवढीही सापडली नाही.

साहेबांनी फोन काढला. "उभे राहा कुलपांजवळ. नोटीस बोर्डावर लावू. अहो, जरा जवळ या की, परके असल्यासारखे काय उभे!"

मी अर्धं पाऊल सरकलो. त्यानेही अर्धं पाऊल टाकलं. फोटो निघाला.

"आणि फायदा बघा," साहेब म्हणाले, "वर माणूस अडकून पडत नाही. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्टच्या दारांचं काम होईल."

"हो साहेब," पाहुणा म्हणाला. त्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि तिसऱ्या मजल्यावर गेला.

मी माझी चावी खिशात टाकली, जिना उतरलो आणि शिडीवरून जपून खड्ड्यात गेलो. वर दोन कुलपं होती. माणूस कोणी नव्हता. मी ग्रीसचा डबा उघडला आणि कामाला लागलो.