जवळ राहण्याची अट

“सोडवलं म्हणजे नेमकं कसं सोडवलं, दादा?” दोर्काने मध्येच तोंड घातलं, तसे रंगाऱ्याच्या माजघरात जमलेले सगळे तिच्याकडे वळले.

ख्रिस्ताला मानणाऱ्या या मंडळींना आलेलं पत्र वाचून दाखवणारा आर्तेमोन चामड्याचं काम करायचा. भला माणूस. म्हणाला, “अगं मावशी, बाजारातल्या गुलामाला किंमत मोजून सोडवतात ना? तसंच. ख्रिस्ताने आपला जीव मोजला आणि आपल्याला सोडवलं.”

“ते कळलं रे. जवळ राहण्याची अट आहे का, तेवढं सांग.”

कोणीतरी फिस्कन हसलं. दोर्काला कुठलं हसू यायला! ती गुलाम; जन्मभर माग चालवून तिने स्वतःची किंमत साठवली, गावच्या देवळात नेऊन भरली. त्या पैशाने देवळातल्या देवाच्या नावावर तिला मालकिणीकडून विकत घेतलं आणि देवळाच्या भिंतीवर कोरलं, दोर्का मोकळी. त्याच्याच खाली आणखी एक ओळ कोरली होती : मालकीण जिवंत असेपर्यंत तिच्याजवळ राहावं, सांगेल ते करावं. मालकीण क्लेओ तेव्हाच थकलेली. पण दोर्काने तिला वेळच्या वेळी खाऊ घातलं, अंगाला तेल चोळलं, कूस बदलून दिली. इतकं जिवापाड केलं, की म्हातारी जगतच राहिली. आता काय म्हणावं या कर्माला! आखातापलीकडे पात्राईला दोर्काची एकुलती लेक पोटुशी होती. पहिलं मूल दगावलेलं, त्यामुळे आईने यावं असा धोशा लावून बसली होती. क्लेओने मुभा दिली होती, “जा की खुशाल. लेकीला होईल ते पोर तुझ्या जागी मला आणून दे.” गावात असे सौदे होतच असत.

आर्तेमोनला खोटं बोलता येईना. “ज्याने सोडवलं त्याचेच आपण, मावशी. शेवटपर्यंत त्याच्याजवळच राहायचं. पण त्यात सुख असतं गं.”

“म्हणजे आहेच म्हणा की अट,” दोर्का म्हणाली आणि पदर सावरून उठली.

घरी क्लेओ वाटच बघत होती. “विचारलंस तुझ्या नव्या देवाला?”

“विचारलं.”

“मग? काय म्हणतो?”

“जवळ राहा म्हणतो.”

“शहाणा आहे हो!” म्हातारी बोळकं पसरून हसली. “आण काहीतरी, पोटात कावळे ओरडतायत.”

दोर्काने जवाची पेज वाडग्यात ओतली. नाही दिली तर? वाडगा हातात धरून ती चुलीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग तिने पेज फुंकून निववली, म्हातारीच्या मानेखाली हात घातला आणि घोट घोट पाजली. म्हातारीने सगळी संपवली.